काजळिणीचं तोंड

“बाई, काजळीण खरीच असती का?”

सुवार्तानं हे विचारलं तेव्हा मी फळ्यावर खडूनं कंदील काढत होते. मागे वळूनही न बघता मी म्हणाले, “असते की! उद्या तर ती तुमच्या गल्लीतच यायची आहे.”

एकतीस पोरांनी एकदम श्वास आत घेतला. तो आवाज ऐकून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! मी तेव्हा बावीस वर्षांची होते. डी.एड.ची परीक्षा नुकतीच झाली होती, आणि आपल्याइतकी हुशार मुलगी आमच्या गावच्या मंडळीत आजवर झालेली नाही याबद्दल माझ्या मनात काडीचीही शंका नव्हती.

आमचं गाव नगर जिल्ह्यातलं. ख्रिस्ती वस्ती चाळीसेक घरांची, मधोमध दगडी चर्च, आवारात एक कडुनिंब. दर मे महिन्यात तिथे मुलांची दहा दिवसांची बायबल शाळा भरायची आणि त्या वर्षी ती माझ्या गळ्यात पडली. आमच्या चर्चचे पाळक सोनवणेसाहेब म्हणाले होते, “कृपा, चांगलं काय नि वाईट काय, एवढं मुलांना समजलं तरी पुरे. कसं शिकवायचं ते तुझं तू बघ.”

मी बघितलं. नेहमीच्या गोष्टी पोरांना पाठ होत्या, म्हणून मी एक नवीनच रचली आणि रोज एक भाग सांगायला लागले. त्या गोष्टीतल्या गावात घरोघरी एकेक बोलणारा दिवा होता. घरातलं माणूस खोटं वागलं की दिवा त्याला खरं काय ते सांगायचा. काजळिणीला हे दिवे बघवत नसत. भर दुपारी ती यायची, डोक्यावर काळी छत्री, कमरेवर माठ, डावा पाय ओढत. दारात उभी राहून गोड आवाजात म्हणायची, “पाणी पी, बाळा.” ते पाणी जो प्यायला त्याच्या घरचा दिवा विझायचा आणि त्याचा उजेड काजळिणीच्या माठात जाऊन बसायचा. तेजू नावाची एक धीट मुलगी तिच्या मागावर होती. माठ फुटला की सगळे उजेड सुटणार होते, पण माठापर्यंत पोचायचं कसं?

पोरं वेडी झाली होती. आठव्या दिवसापर्यंत एकही गैरहजेरी नाही. मंडळीच्या पंचांपैकी लेवीकाका तेवढे माझ्यावर नाराज होते. पांढरंशुभ्र धोतर, हातात मंडळीची नावा-नियमांची वही, आणि कपाळावर कायमची आठी. ते मला म्हणाले, “चर्चच्या आवारात चेटूक-बिटूक कशाला गं? वाईटाच्या गोष्टी पवित्र शास्त्रात काय कमी आहेत?”

“काका, त्या ऐकताना पोरं झोपतात,” मी म्हणाले.

“झोपूदे. झोपेत चेटकीण येण्यापेक्षा बरं.”

मी हसले. म्हाताऱ्यांना कल्पनाशक्ती नसते असं तेव्हा माझं मत होतं.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत माझ्या लक्षात आलं की पोरं पाणी पीत नाहीत. ऊन असं की आवारातली माती चपलेतून पोळत होती. कडुनिंबाखाली काठोकाठ भरलेला माठ, वर पितळी तांब्या पालथा, आणि पोरं मात्र लांब भिंतीच्या सावलीत ओठांवरून जीभ फिरवत बसलेली.

“सुवार्ता, पाणी का पीत नाहीस गं?”

सुवार्ता आठ वर्षांची, वर्गातली सगळ्यांत चुणचुणीत. तिनं माझ्या कानाशी तोंड आणलं. “तो सगुणामावशीचा माठ हाय ना, बाई.”

“मग?”

“तिच्याकडं काळी छत्री हाय. पायबी वढती.”

मी काहीतरी बोलले. “वेडाबाई, ती गोष्ट आहे” असंच काहीतरी. आणि मग विषय बदलला. खरं तर तिथेच सगळ्यांना गोळा करून, पहिला तांब्या मी स्वतः पिऊन दाखवायला हवा होता. पण त्या वयात आपली गोष्ट इतकी खरी वाटतेय याचाच मला आनंद झाला, आणि तो आनंद आत दडवत मी पुन्हा वर्गात गेले.

सगुणामावशी म्हणजे आमच्या मंडळीतलं एक न मिटलेलं प्रकरण. विधवा बाई, लोकांची शेतं खुरपून राहणारी. तिला एकच मुलगा, रूबेन. दोन वर्षांपूर्वी त्याच्या डोक्यात ताप गेला. तालुक्याच्या डॉक्टरांनी हात टेकले, घरी न्या म्हणाले. तेव्हा कुणीतरी सांगितलं म्हणून मावशी त्याला पाठीवर बांधून शेजारच्या गावी देवऋष्याकडे घेऊन गेली. त्यानं काहीतरी पुटपुटून दंडात काळा दोरा बांधला. परत येताना वाटेतच रूबेन गेला. आठ वर्षांचा होता.

पोराला मंडळीनं रीतीप्रमाणे पुरलं. लेवीकाका पेटीला खांदा द्यायला पुढे होते. पण पंधरा दिवसांनी पंच बसले. मंत्र-दोरा करणाऱ्याकडे जाणं म्हणजे देवाला सोडणं. त्यावर आमच्या मंडळीत शिक्षा ठरलेली होती: मंडळीसमोर उभं राहून ‘मी चुकले’ म्हणेपर्यंत प्रभुभोजन, म्हणजे चर्चमध्ये वाटली जाणारी भाकर, बंद. मावशी म्हणाली, “म्या चुकले न्हाई.” तेवढंच. तेव्हापासून दर रविवारी ती शेवटच्या बाकावर बसायची आणि भाकर वाटायची वेळ आली की उठून बाहेर जायची.

आता दोन वर्षं भरली होती. वहीत नियम होता की दोन वर्षांत कबुली आली नाही तर नाव कापायचं. येत्या रविवारी पाळकसाहेब तिला शेवटचं विचारणार होते. ज्याचं नाव वहीत नाही त्याला मंडळीच्या कबरस्तानात जागा नाही. रूबेनच्या शेजारची जागा मावशीनं स्वतः दगडांनी आखून ठेवली होती आणि दर आठवड्याला तिथलं गवत ती काढायची. हे सगळ्या वस्तीला माहीत होतं.

बायबल शाळेच्या पोरांसाठी पाणी भर, असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच दिवशी पहाटे ती माठ घेऊन आली आणि भरून ठेवून गेली, आणि मग रोज दुपारी पोरांना पाणी द्यायला परत यायची. तिची छत्री, तिचं पाय ओढणं, तिचं ते “पानी पी, बाळा”, सगळं मी रोज खिडकीतून बघत होते.

नवव्या दिवशी, शुक्रवारी, सुट्टीत आरडाओरडा झाला म्हणून मी बाहेर धावले. माठाची खापरं विखुरलेली, पाण्याचा ओघळ कडुनिंबाच्या मुळाशी चाललेला, आणि सुवार्ता हातात धोंडा घेऊन उभी. तिच्यामागे आठ-दहा पोरं. कुणी पळून गेलं नव्हतं. उलट सगळी खापरांकडे टक लावून बघत होती.

छत्री मिटून सगुणामावशीही तिथेच उभी होती.

“सुवार्ता!” मी ओरडले. “काय केलंस हे?”

ती रडवेली झाली, पण हलली नाही. “आमी रूबेनदादाला सोडवलं, बाई. त्याचा दिवा हिच्या माठात व्हता ना.”

मावशी खाली बसली आणि एकेक खापर ओच्यात गोळा करायला लागली. तेवढ्यात लेवीकाका आवाज ऐकून फाटकातून आत आले.

“कुणी फोडला?”

“उन्हानं फुटला,” मावशी वर न बघता म्हणाली. “जुना व्हता.”

लेवीकाकांनी सुवार्ताच्या हातातला धोंडा बघितला, पोरांचे चेहरे बघितले. ते काही दुधखुळे नव्हते. मला बाजूला घेऊन म्हणाले, “लहान लेकरांनासुद्धा त्या बाईची भीती वाटते. काहीतरी असल्याशिवाय वाटते का? रविवारी मी हे बोलणार आहे.”

“काका, ती भीती माझ्या गोष्टीमुळे—”

“तुझ्या गोष्टीचं वेगळं बघू,” ते म्हणाले आणि निघून गेले.

संध्याकाळी मी कुंभाराकडून नवा माठ घेतला आणि मावशीच्या घरी गेले. एका खोलीचं घर, बाहेर चूल. ती भाकरी थापत होती. मला बघून हात न थांबवता म्हणाली, “ये. बस. माठ कशाला आनला? त्यो तुझा पगार झाल्यावर आनायचा.”

“मला पगार नाही मावशी.”

“मंग तर मुळीच आनू नगं.”

मी उंबऱ्यावर बसले. तीच म्हणाली, “गोष्ट झ्याक सांगतीस. म्या रोज भिताडाआड बसून आयकते.”

मी विचारलं, “रोज?”

“पैल्या दिसापास्नं. छत्री आली तव्हाच म्या वळखलं. म्हनलं, हां, ही तर आपलीच सगुणा!” ती हसली. खरंच हसली. “पर पुढं काय व्हतंय ते कळल्याबिगर उठवंना.”

आता मला रडू आवरेना. मी म्हणाले, “मावशी, उद्या शेवटचा भाग आहे. मी तिला चांगली करते. काजळीण शेवटी रडते, सगळ्यांचे दिवे परत देते, असं सांगते.”

तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि माझ्याकडे बघितलं. “येडी का खुळी तू? काजळीन वाईट हाय. पोरांचा उजेड गिळती, ती का रडून चांगली व्हती व्हय? असं गोड करून सांगितलंस तर उद्या खऱ्या काजळिनीच्या हातचं पितील पोरं. वाईटाला वाईटच म्हन. फकस्त माझं तोंड तेवढं माझं मला माघारी दे.”

तिनं भाकरी उलटली. मग ती म्हणाली, “त्या सुवार्ताला म्या इचारलं मगाशी. सुटला का गं माझा रूबेन, दिसला का? ती म्हनली, न्हाई दिसला मावशी, पानीच निघालं नुसतं. आन् माझ्या गळ्यात पडून रडली. आठवन हाय पोरीला त्याची. दोगं येकाच पाटीवर लिवायची.”

मी तिचे पिठाचे हात धरले. “मावशी, रविवारी म्हणून टाका ना ‘मी चुकले’. दोन शब्द आहेत. नाहीतर नाव कापतील. रूबेनजवळची जागा जाईल.”

तिनं हात सोडवून घेतले. रागानं नाही.

“लेकरू पाठीवर फनफनत व्हतं. आठ मैल चालले म्या. दर पावलाला येशूचं नाव घेत व्हते, आन् चालले व्हते देवऋष्याकडं. आता चुकले म्हनायचं म्हंजी त्याला घरात तसाच पडू द्याया पायजे व्हता, असं म्हनायचं. त्ये माझ्या तोंडातनं येनार न्हाई. जागेपायी तर मुळीच न्हाई. रूबेनला काय तोंड दाखवू?”

मी जेवून घरी आले. नवा माठ तिनं ठेवून घेतला तो मी फार रडले म्हणून.

शनिवारी मी शेवटचा भाग सांगितला नाही. खरं सांगायचं तर धीर झाला नाही. पोरांना नुसती गाणी म्हणायला लावली आणि घरी सोडलं. त्यांना तोंड द्यायचं तर त्यांच्या आयाबापांसमोर द्यावं असं मी मनाशी ठरवलं होतं, पण ते ठरवणं मला स्वतःलाही खरं वाटत नव्हतं.

रविवारी चर्च गच्च भरलं होतं. पुढे सतरंजीवर पोरं, उजव्या बाजूला बायका, डाव्या बाजूला पुरुष, आणि शेवटच्या बाकावर एकटी सगुणामावशी. उपदेश झाला. भाकरीचं ताट पांढऱ्या कापडाखाली मेजावर झाकलेलं होतं. पाळकसाहेबांनी वही उघडली आणि अवघडून म्हणाले, “सगुणाबाई, दोन वर्षं झाली. मंडळी तुमची वाट बघते आहे. काही म्हणायचं आहे का?”

मावशी उभी राहिली. “न्हाई साहेब,” ती म्हणाली आणि खाली बसली.

लेवीकाका उठले. “मंडळीला एक सांगायचं आहे. परवा चर्चच्या आवारात आपल्या लेकरांनी या बाईचा माठ फोडला. लेकरं तिला भितात, तिच्या हातचं पाणी पीत नाहीत. लेकरांना जे दिसतं ते आपण—”

“काका, थांबा.”

हे कोण बोललं ते मला क्षणभर कळलंच नाही. मग सगळे माझ्याकडे बघताहेत हे दिसलं. मी उभी होते.

“लेकरांना काही दिसलं नाही,” मी म्हणाले. “त्यांना मी दाखवलं. काजळीण मी रचली. तिला तोंड नव्हतं. मी तिला सगुणामावशीचं तोंड लावलं. छत्री त्यांची, पाय त्यांचा, बोलणंसुद्धा त्यांचं.”

“अजाणता झालं असेल, बेटा,” पाळकसाहेब म्हणाले.

तिथे हो म्हटलं असतं तर निभावलं असतं. पण पहिल्या रांगेतून सुवार्ता मान वर करून माझ्याकडे बघत होती.

“नाही साहेब. मला माहीत होतं. मला एक वाईट बाई पाहिजे होती आणि या वस्तीत ती कुणाला म्हणायची, ते तुम्ही सगळ्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. मला फक्त उचलायचं होतं. मी उचललं. पोरांना चांगलं-वाईट शिकवायला उभी राहिले आणि जी बाई त्यांच्यासाठी पाणी भरत होती तिलाच मी वाईट केलं. मी चुकले.”

मग सुवार्ताचा आवाज आला, “मंग बाई, खरी काजळीण कुठंय?”

तिची आई “गप” म्हणाली. पण उत्तर देणं भाग होतं. “हे दहा दिवस ती माझ्याकडेच राहायला होती, सुवार्ता,” मी म्हणाले. “मला फार शहाणी म्हणत होती. मला ते गोड लागत होतं.”

पोरं माझ्याकडे डोळे फाडून बघत होती. काही बायांनी पदर तोंडाला लावला. लेवीकाकांचा चेहरा मात्र कडक झाला होता. ते वाईट माणूस नव्हते, पण वहीत जे असेल ते सगळ्यांना सारखं, असा त्यांचा खाक्या होता.

“साहेब,” ते म्हणाले, “मुलीनं कबुली दिली ते बरं केलं. पण ही एका दिवसाची चूक नाही. शिक्षिका म्हणून उभी राहून दहा दिवस लेकरांच्या मनात विष कालवलं. नियमाप्रमाणे हिचंही प्रभुभोजन बंद व्हावं. सहा महिने तरी. नाव लिहा.”

पाळकसाहेबांनी आजूबाजूला बघितलं. माझी आई मान खाली घालून बसली होती. साहेबांनी खिशातून पेन काढलं. मला माझ्या दोन्ही बाजूच्या बाया जरा सरकल्यासारख्या वाटल्या. कदाचित नसतीलही सरकल्या. पण मी एकटी उभी होते, आणि दोन वर्षं दर रविवारी या चर्चमधून एकटीनं बाहेर जाणं काय असतं ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

“साहेब, लिवतायसा तर माझंबी लिवा.”

मागून पाय ओढल्याचा आवाज आला. सगुणामावशी मधल्या वाटेनं पुढे येत होती. सगळ्यांच्या माना तिच्याबरोबर वळत गेल्या. ती माझ्याशेजारी येऊन उभी राहिली, इतकी जवळ की तिचा खांदा माझ्या दंडाला लागला.

“काय लिहू, सगुणाबाई?” पाळकसाहेबांनी विचारलं.

“लिवा. मीबी चुकले.”

कुणीतरी मागे “देवा” म्हणालं. पाळकसाहेबांच्या हातातलं पेन तसंच राहिलं.

लेवीकाकांनी घसा खाकरला. “कशात चुकलात ते मंडळीसमोर सांगावं लागेल, बाई.”

“दोन वर्सं तुमी म्हनत व्हता, चुकले म्हना, चुकले म्हना,” मावशी म्हणाली. “म्हनलं. कशात ते सांगा, असं कुटं म्हनला व्हता? त्ये देवाला ठावं हाय. आता या पोरीला येकलीला बाहीर काडनार असाल तर दोगींना काडा. न्हाईतर दोगींना बसू द्या.”

पाळकसाहेबांनी वही मिटली आणि लेवीकाकांकडे वळले. “लेवीभाऊ, कबुली आली. दोघींची आली. नाव कापायचं कारण उरलं नाही, आणि नवीन लिहायचंही नाही. तुमची हरकत?”

लेवीकाकांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला. “माझी हरकत नाही,” ते म्हणाले आणि खाली बसले.

गीत सुरू झालं. मावशीनं माझं मनगट धरलं आणि मला ओढून बाकावर बसवलं. बाया आता खरंच सरकल्या, तिला जागा करायला. पांढरं कापड निघालं, ताट हातोहात फिरत आमच्या बाकापर्यंत आलं. मावशीनं तुकडा उचलला. दोन वर्षांनी तिनं तो तोंडात घातला आणि डोळे मिटून घेतले.

तिनं डोळे उघडले तेव्हा मी हळूच तिच्याकडे झुकले. मला राहवेना. जे तिनं मुलाशेजारच्या जागेसाठीसुद्धा म्हटलं नव्हतं, ते आज म्हटलं होतं.

“मावशी,” मी कुजबुजले, “खरंच चुकलात असं वाटलं का तुम्हाला?”

“न्हाई,” ती पुढे बघतच म्हणाली. “पर तू येकली हुबी व्हतीस.”